कवटी परत देताना

आमचे शशिधर लंडनच्या एका मेडिकल कॉलेजात तीस वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवत होते. तिथल्या संग्रहात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाची कवटी होती. २००६ साली कॉलेजनं ती त्याच्या लोकांना परत द्यायचं ठरवलं आणि कार्यक्रमाच्या पुस्तिकेसाठी तिचा इतिहास लिहायला ह्यांना सांगितलं. रिटायर झालेल्या माणसाला एवढं पुरतं. लंडनजवळच्या रीडिंग गावातल्या आमच्या घरात आठवडाभर डायनिंग टेबलवर ताट ठेवायला जागा नव्हती.

कॉलेजच्या मसुद्यात होतं की, १८८४ साली वसाहतीतल्या एका डॉक्टरनं ही कवटी ‘जमवली’. हे खवळले.

“जमवली काय? पोस्टाची तिकिटं आहेत का? आधी जमीन बळकावली, माणसं मारली, वर कबर उकरून डोकं नेलं. सरळ ‘चोरली’ म्हणा!”

कमिटीशी तीन मीटिंगा भांडून ह्यांनी तो शब्द छापायला लावला. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग प्रूफ माझ्या हातात आलं. १८८४ नंतर एकदम २००६.

“अहो, नाइन्टीन एट्टीएटचं पत्र कुठंय ह्यात?”

“कुठलं?”

“ऑस्ट्रेलियातल्या त्या बाईंनी कवटी परत मागितली होती. संग्रह तेव्हा तुमच्याकडे होता, टीचिंगला लागते म्हणून तुम्ही नाही म्हणालात. तुमचं उत्तर टाईप मीच केलं होतं.”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. “ती तेव्हाची पॉलिसी होती. आणि वी वेअर कॉलनाइज्ड अवरसेल्व्ह्ज, सुमन. मला त्या गोऱ्या डॉक्टरच्या लाइनीत बसवू नकोस.”

“बसवत नाहीये. एक वाक्य घाला फक्त.”

घातलं नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

कार्यक्रमाला ऑस्ट्रेलियाहून दोघं आली होती, एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची भाची रूथ. ह्यांनी भाषण झकास केलं. आम्हीही ब्रिटिशांचं राज्य सोसलंय, तुमचं दुःख ते आमचंच, वगैरे. टाळ्या पडल्या. रूथ मात्र पुस्तिकेची पानं पुढेमागे करत होती. चहाच्या वेळी ती थेट आमच्यापाशी आली.

“माझ्या आईनं इथं पत्र पाठवलं होतं,” ती म्हणाली. “त्याचा ह्यात उल्लेख नाही.”

“जागा कमी होती,” हे म्हणाले.

मला राहवलं नाही. “नकाराचं पत्र मी टाईप केलं होतं,” मी म्हणाले.

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “सही माझी होती.”

“माहीत आहे.” रूथचा आवाज जराही चढला नाही. “आईनं सहीखालचं नाव मोठ्यानं वाचलं होतं. माणूस इंडियन आहे म्हणाली, नीट समजावलं तर ह्याला कळेल. म्हणून तिनं तुमच्या नावानं दुसरं पत्र लिहिलं. मरेपर्यंत उत्तराची वाट बघत होती.”

दुसऱ्या पत्राचं मला काहीच माहीत नव्हतं.

“आलं होतं का हो?” मी मराठीत विचारलं.

“आलं होतं,” हे म्हणाले.

काय म्हणाले ते, असं रूथनं मला विचारलं. मी तिला सांगितलं.