दुपारचा पिक्चर लागला म्हणजे

स्वयंपाक उरकला की माधवी मोबाईल डब्यांना टेकवून ठेवायची आणि अकोल्याचं चॅनल लावायची. दुपारी त्यावर जुना इंग्रजी पिक्चर लागायचा. काळापांढरा, टोपीवाली माणसं, सिगारेट ओढणाऱ्या बाया. पिक्चरशी तिला काही घेणं नव्हतं. तो लागला का, एवढंच पाहायचं. लागला म्हणजे आई जिवंत आहे.

चॅनल तिच्या लहान भावाचं, योगेशचं. आधी ते देवमनकाकाचं केबल होतं. तेव्हा दुपारी दाखवायला काहीच नसायचं, म्हणून काकानं मुंबईच्या भंगारातून पोतंभर इंग्रजी कॅसेटा आणल्या. लोकांनी शिव्या घातल्या. पण माधवीच्या आईला, पार्बताबाईला, त्या पिक्चरचं वेडच लागलं. मंडईसाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती पाहायची आणि एक शब्द कळत नसताना माधवीला गोष्ट सांगायची. टोपीवाला आला की तो दीर, म्हातारी आली की सासू. "पाह्य, सासूनं चिठ्ठी लपवली." पिक्चरमधली बाई मेली की ती चहा ठेवायला उठायची, म्हणायची झोपली थे.

कॅसेटा गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. काका वारले. निम्मे कनेक्शन तुटले, योगेशनं चॅनल यूट्यूबवर चढवलं. दुपारचा पिक्चर मात्र राहिला. जाहिरातवाले कटकट करायचे. आई पाहते, योगेश म्हणायचा, आणि विषय संपायचा.

मग माधवीनं जीवनशी लग्न केलं. जीवन बौद्ध, अमरावतीकडे झेडपीच्या शाळेत मास्तर. तिच्या बापानं, भगवंतनं, मंडईत चारचौघांत सांगून टाकलं की पोरगी मेली. तेवढ्यावर थांबला नाही. बायकोचं मेलेलं तोंडही त्या पोरीले पाहू देणार नाही, म्हणाला.

आईला लकवा मारला तेव्हा योगेश चोरून फोन करायचा. एकदा बापानं पकडलं. आईच्याच डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घेतली की बहिणीशी बोलणार नाही. योगेश गच्चीवर गेला आणि शेवटचा फोन केला.

"आता फोन करू नको, ताई. दुपारचा पिक्चर लागला म्हणजे आई आहे समज. ज्या दिवशी नाही लागला, त्या दिवशी निंघ."

माधवीनं आशाच ती केवढी धरली होती? आत नाही जायचं. घाटावर लांब उभं राहायचं, आग द्यायच्या आधी एकदा तोंड पाहायचं. जीवननं गाडीचं सगळं काम करून ठेवलं होतं. तुझा निरोप आला की शाळेतून तसाच येतो म्हणाला.

पिक्चर रोज लागत होता. कधी घोडे, कधी जहाज. सासू जाईबाईही बाजूला येऊन बसायची. एवढे कोट घालून गरम नाही होत का यायले, विचारायची. माधवी हसायची. हसल्यावर तिला वाटायचं, तिकडे आईही आत्ता हेच पाहत असेल.

त्या दिवशीही पिक्चर लागला होता. एक बाई पायऱ्या उतरत होती. खाली पट्टी सरकत होती, कोचिंग क्लास, प्लॉट विकणे आहे. त्याच्या मागून आईचं नाव आलं. कै. पार्बताबाई भगवंत निमकर्डे, तेरवी उद्या, आप्तांनी यावे. आणि त्यामागून बेन्टेक्सच्या दागिन्यांचा सेल.

माधवीनं पट्टी फिरून येऊ दिली. पुन्हा तेच नाव. मग तिनं फोन लावला. योगेशनं उचलला. मागून मांडववाल्यांचा आवाज येत होता.

"पिक्चर चालूच हाये, योगेश."

"हाव."

"बंद करायचा राहून गेला का?"

तो आवाजापासून लांब गेला. मग म्हणाला, "नाही. मुद्दाम चालू ठेवला."

"काहून?"

"बाबा बोलले, थे घाटावर दिसली तं मी आग देत नाही. मढं तसंच पडू दे, म्हणे. सगळ्यायसमोर बोलले, ताई. खरंच नसती दिली त्यायनं. आईले तसं ठेवू काय मी?"

मग तोच सांगत सुटला. पट्टी बाबानंच परस्पर चॅनलच्या ऑफिसात देऊन टाकली, त्याला माहीतच नव्हतं. तेरवी झाल्यावर तो स्वतः अमरावतीला येऊन सांगणार होता. माधवी त्याला शिव्या देणार होती. तोंडापर्यंत आल्या होत्या. पण तो रडत होता, आणि लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत.

"मले तोंड पाहाचं होतं," ती एवढंच म्हणाली.

फोन ठेवल्यावर फोटो आला. तिरडी, चहूकडे माणसांचे पाय. हारांचा एवढा ढीग की आई त्यात बुडालेली. हनुवटीपासून नाकापर्यंत झेंडूच झेंडू. वर थोडं कपाळ उघडं होतं, त्यावर मळवट.

माधवीनं दोन बोटांनी कपाळ मोठं केलं. अजून मोठं केलं. डोळे कुठं असतील ते शोधत ती बोटं फुलांवरून सरकवत राहिली.

जाईबाई तिच्याजवळ सरकली. मोबाईलमध्ये डोकावली, सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"लय मोठं नको करू, माय," ती हळूच म्हणाली. "फोटो फाटते."