दाबून दुखलं नाही म्हणून

दोघे भाऊ घरसामान हलवायचं काम करत. कपाट, पलंग, फ्रीज, काय असेल ते पाठीवर घ्यायचं आणि जिने चढायचे. छातीत चमक भरली तर त्यांच्या लेखी ती शिंकेइतकीच मोठी गोष्ट. मागच्या महिन्यात धाकल्याला अशीच जोरात कळ आली, तेव्हा डॉक्टरांनी फासळीवर बोट दाबून पाहिलं, ईसीजी काढला आणि "स्नायू ताणलाय" म्हणून घरी पाठवलं. मग काय, दादानं "पेशंटसाहेब, चहा घेणार का?" करत त्याला भंडावून सोडलं.

आणि आज वरच्या मजल्यावर कपाट टेकवून दादाच भिंतीला धरून उभा राहिला. चेहरा पांढराफटक, शर्ट घामानं चिंब.

"छातीवर कुणी बसल्यासारखं झालंय. जबडाही दुखतोय," तो म्हणाला. "स्नायू ताणला असेल, तुझ्यासारखा."

धाकल्यानं डॉक्टरी थाटात त्याच्या फासळ्या दाबल्या. "इथं दुखतं? इथं?"

"नाही."

"मग झालं तर! काही नाही तुला!"

दोघेही हसले. वेडे कुठले! टेम्पोत जरा पडतो म्हणत दादा जिन्याकडे निघाला, आणि धाकल्याला एकदम आठवलं. डॉक्टरांनी दाबलं तेव्हा तो स्वतः केवढ्यानं किंचाळला होता! दुखलं आणि ईसीजीही नीट आला, म्हणून तर ते निर्धास्त झाले. दादाला दाबून काहीच होत नव्हतं. त्याचं दुखणं आत होतं.

"खाली बस!" तो ओरडला. "एक पाऊल टाकायचं नाही!"

"अरे, टेम्पोनं दवाखान्यात जाऊ की. मी चालवतो."

"बस म्हणतो ना!"

दादाशी असं कधी कुणी बोललं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला. धाकल्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं ते सगळं सांगितलं, गोळ्यांची ॲलर्जी नाही तेही. त्यांच्याच सांगण्यावरून ज्यांचं सामान हलवत होते त्या घरमालकिणीकडची ॲस्पिरिन दादाला चावायला दिली.

"बाळा, मला भीती वाटतेय रे," दादा म्हणाला.

"मलाही," म्हणत धाकल्यानं त्याचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडलीय, वेळेत आणलंत. धाकला आत गेला.

"तुझं ऐकलं म्हणून वाचलो रे," दादा पुटपुटला.

"ऐकलंस कधी माझं? पाय गळाले म्हणून बसलास," असं म्हणून धाकला त्याच्या पायांवर डोकं टेकून ढसाढसा रडला.