पश्चिमेस झोपलेला कुत्रा

शेवटी गाळा मावशीच्याच नावावर झाला. पण ते अजून घडलेलंच नाही असं धरून चालू, कारण सध्या मावशी पर्स छातीशी धरून वकिलासमोर बसली आहे. निवृत्तीची सगळी पुंजी घालून, भाड्याने द्यायला म्हणून ती हा गाळा घेत होती आणि वकील मात्र गाळ्याची जुनी खरेदीखतं वाचून घाम पुसत होता.

"चतुःसीमा ऐका," तो म्हणाला. "पूर्वेस रस्ता, उत्तरेस विहीर, दक्षिणेस भिंत. पश्चिमेस झोपलेला कुत्रा."

"अहो, काहीतरीच काय!"

"पहिल्या लेखनिकाने समोर दिसलं ते लिहिलं. पुढच्या प्रत्येकाने जसंच्या तसं उतरवलं. आता दुरुस्ती करायची तर लगतच्या मालकाची संमती लागते."

"म्हणजे कुत्र्याची?"

"कागदोपत्री तोच आहे."

मावशीने एकेक खत उलटलं. मालक गेले, त्यांची मुलं विकून मोकळी झाली, शाई बदलली, शिक्के बदलले. कुत्रा मात्र कुणाच्या बापाला न भिता झोपून होता. एवढा पक्का ताबा तिने जन्मात पाहिला नव्हता.

"राहू द्या त्याला," ती आपसूक आवाज खाली आणत म्हणाली. "शेजार शांत दिसतोय."

वकिलाने सीमा तशीच उतरवली आणि पुढेमागे दुरुस्ती करता यावी म्हणून नियमाप्रमाणे खाली एक अर्ज जोडला: "तरी पश्चिमेकडील लगतधारकाने सवडीने जागे होऊन, समक्ष हजर राहून संमतीची सही करावी, ही नम्र विनंती."