ताईंच्या वाटचं बोलणं

“हं... मग? ...गप्प बस, ती बरणी मी नव्हती फोडली.” स्पीकरमधून बायकोचा आवाज आला. मग शांतता, मग तिचं खळखळून हसणं. पुन्हा शांतता.

“अहो, यात ताई कुठंय?” बायकोनं विचारलं.

इंजिनिअरांनी घाईघाईनं आवाज वाढवून पाहिला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून मेव्हणीनं, म्हणजे या ताईंनीच, त्यांना ही पदवी बहाल केली होती, आणि तेही ती खुशाल मिरवत. काल दोघी बहिणी कॉम्प्युटरवरून फोन लावून गप्पा मारायला बसल्या, तेव्हा रेकॉर्डिंगचा विडा इंजिनिअरांनीच उचलला. आज सकाळी ताईंचं स्वरयंत्र काढणार होते. त्यांचा आवाज उरणार होता तो एवढ्या गप्पांमध्येच.

आवाज घुमू नये म्हणून त्यांनी बायकोच्या कानांना हेडफोन लावले आणि तिथंच माशी शिंकली. ताई बोलल्या त्या हेडफोनमध्ये, आणि रेकॉर्डिंगला जोडला होता नुसता माइक. कॉम्प्युटरमधून येणारा आवाजही घ्यायचा, ही खूण स्क्रीनवर करायची राहून गेली. दुरुस्तीनंतर स्वतः एक फेरी मारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला लिफ्टमध्ये पाय ठेवू दिला नव्हता. इथं मात्र जरा ऐकून पाहायचं सुचलं नाही.

“पुन्हा लावू या का फोन?”

“आत नेलं असेल तिला,” बायको म्हणाली. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

ताई घरी आल्यावर दोघं भेटायला गेली. गळ्याला पट्टी, मांडीवर लिहायची पाटी. इंजिनिअरांनी आधी चूक सांगून टाकली.

ताईंनी पाटीवर लिहिलं, ‘पदवी परत करा.’ मग खाली, ‘लावा, ऐकू.’

त्यांनी लावलं. बरणी आली, मागोमाग शांतता. बरणीचं हे भांडण लहानपणापासूनचं, दोघींना तोंडपाठ. ताईंचे ओठ हलू लागले. भुवया उडवत, बोट नाचवत त्यांनी धाकटीला झाडलं. त्या थांबताहेत तोच स्पीकरमध्ये बायको खळखळून हसली. शेजारी बसलेली बायकोही हसली, आणि पदरानं डोळे पुसू लागली.



“बोल गं ताई, ऐकतेय मी,” स्पीकरमधली बायको म्हणाली.

ताई बोलत राहिल्या.