आतल्या खोलीतला मुलगा

घरात आपल्या पाठीमागे काहीतरी शिजते आहे, याविषयी रेक्टरबाईंच्या मनात शंका उरली नव्हती. मुलींचे वसतिगृह त्यांनी उभी हयात सांभाळले होते. निवृत्तीनंतर लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले आणि नजरही तीच राहिली. खोटे बोलणारा त्यांना चेहऱ्यावरून नव्हे, घाईवरून कळे. त्याला वाक्य एकदाचे संपवायचे असते. नात हल्ली अशाच घाईने बोलू लागली होती.

एका मोठ्या रुग्णालयाच्या महाविद्यालयात ती एक्स-रे आणि स्कॅन काढण्याचे शिक्षण घेत होती. दुसरे वर्ष नुकतेच सुरू झाले होते. एरवी सकाळी ओल्या केसांनी जिना उतरत पळणारी ही मुलगी आता दिवसभर पुस्तक उघडून घरात बसे, आणि पान काही उलटत नसे.

"सुट्टी कसली गं?" रेक्टरबाईंनी विचारले होते.

"मशीन बिघडलंय."

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकच मशीन?"

"आमच्या वाट्याचं एकच," असे म्हणून नात उठून गेली, आणि तिच्यामागे सूनही, काही कारण नसताना. मायलेकींची कुजबुज रेक्टरबाईंच्या पावलांचा आवाज आला की थांबे. त्यांनी मनाशी निदान करून टाकले: पोरगा. कोणीतरी पोरगा आहे, आणि आईची फूस आहे.

त्या दुपारी सून रुग्णालयाच्या धुलाईघरात कामावर होती. नात मैत्रिणीकडे म्हणून बाहेर पडली होती आणि मैत्रिणीचे नाव सांगताना अडखळली होती. एवढ्यात बेल वाजली.

बेल वाजल्यावर रेक्टरबाई आधी दाराकडे कधीच जात नसत. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून त्या खणखणीत आवाजात म्हणत, "तू झोप रे, मी बघते." आतल्या खोलीत कोणीही नसे. तिथे शिवणयंत्र, जास्तीच्या गाद्या आणि नातीची पुस्तके होती. मुलगा वारल्यावर तिघी बायका हे भाड्याचे घर घेऊन इथे आल्या, त्याच दिवशी रेक्टरबाईंनी त्याचे बूट दाराबाहेर मांडले. मुलगा रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो, हे साऱ्या जिन्याला सांगून झाले. ज्या घरात पुरुष नाही तिथे कोणीही पाय घालतो, हे त्यांचे मत. सुनेला हा प्रकार आवडत नसे, पण सासूबाईंपुढे बोलण्याची तिची छाती नव्हती. शिवाय या व्यवस्थेत आणखी एक सोय होती, जिच्याविषयी कोणी बोलत नसे: 'मुलगा गेला' हे शब्द रेक्टरबाईंना या घरात आल्यापासून एकदाही उच्चारावे लागले नव्हते.

त्यांनी साखळी न काढता दार उघडले. बाहेर मध्यम वयाची एक बाई उभी होती. काखेत फाइल, पायांत सपाट चपला, आणि नजर मात्र थेट बुटांवर.

"नमस्कार, आजी."

"मी तुमची आजी नाही."

"बरं. बाई, मी विद्यार्थी साहाय्य निधीकडून आलेय. तुमच्या नातीबद्दल थोडी चौकशी करायची आहे. दवाखान्याच्या क्षेत्रात शिकणाऱ्या मुलामुलींना आमचा निधी अनुदान देतो. फी, गणवेश, जाण्यायेण्याचा खर्च. परतफेड करावी लागत नाही."

परतफेड नाही, हे ऐकताच रेक्टरबाई सावध झाल्या. अलीकडेच फोनवरून कोणी गोड बोलून त्यांना मोटार बक्षीस लागल्याचे कळवले होते. रेक्टरबाईंनी त्याच्याकडे त्याच्या आईचा नंबर मागितला, तेव्हा त्याने फोन ठेवून दिला.

"न मागता पैसे वाटत हिंडता?"

"मागितलेत ना. नातीने अर्ज केलाय."

"आमच्या घरात हात पसरायची पद्धत नाही. ओळखपत्र दाखवा." त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. "यात तुम्ही हसताय."

"नोकरीला लागले त्या दिवशीचं आहे."

रेक्टरबाईंनी साखळी काढली. ज्याच्यावर संशय आहे त्याला नजरेसमोर बसवावे, एवढे वसतिगृहाने शिकवले होते. तपासनीसबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आणि भिंती, पंखा, पडदे, आतल्या खोलीचे दार असे सगळे मोजून मापून पाहू लागल्या. घर हेरायला आलेल्या माणसाने नेमके हेच पाहिले असते.

"घरी कोण कोण असतं?"

"मुलगा, सून, नात आणि मी."

"मुलगा म्हणजे तिचे वडील?"

"मग काय शेजाऱ्यांचे?"

"ते कुठे असतात?"

"आत झोपलाय. कारखान्यात रात्रपाळीचा मुख्य आहे. अंगाने पैलवान, आणि झोपमोड त्याला अजिबात खपत नाही."

"पगार बरा असेल."

"तुम्हाआम्हाला पुरून उरेल."

तपासनीसबाईंनी काहीच लिहिले नाही. पेनाला टोपण लावले आणि फाइल मिटली.

"मग अवघड आहे, बाई. हे अनुदान वडील नसलेल्या मुलांसाठी आहे. तुमच्या नातीने वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडलाय. मागे एका मुलाच्या घरी गेले होते, तर त्याच्या कैलासवासी वडिलांनीच दार उघडून मला पाणी दिलं. दाखला अगदी शिक्क्यासकट होता. तेव्हापासून आम्ही न सांगता येतो, आणि कागदापेक्षा घरच्यांचं ऐकतो. अर्ज रद्द होईल. खोटी माहिती दिली म्हणून कॉलेजलाही कळवावं लागेल. फी थकल्यामुळे तिला एक्स-रे विभागात उभं करत नाहीतच, आता नावही कमी करतील."

रेक्टरबाईंच्या डोळ्यांपुढे ते न उलटणारे पान आले. मशीन बिघडले नव्हते. पोरगाही नव्हता. दोघींनी मिळून लपवले ते एवढेच, की घरात फीपुरते पैसे नाहीत; मदतीसाठी अर्ज करणे म्हातारीला अपमानाचे वाटेल, म्हणून.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तो आत नाही."

"मघाशी झोपले होते."

"आत कोणीच नाही. माझा मुलगा..." पुढचे शब्द आले नाहीत. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केले. "दार उघडून बघा."

तपासनीसबाईंनी दार उघडले, गाद्या पाहिल्या, दार लावले. "बाहेर गेले असतील. बुटांना ताजं पॉलिश आहे."

"मी करते."

"कोणासाठी?"

रेक्टरबाईंनी उठून आतल्या खोलीच्या दाराला कडी घातली. तपासनीसबाईंनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. "शेजारी विचारून जाते," म्हणत त्या उठल्या.

समोर घड्याळकाका राहत. घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद केल्यापासून दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणे हेच त्यांचे काम. तपासनीसबाईंनी विचारले, "यांचे चिरंजीव कधी भेटतात का?" काकांनी फाइलीकडे पाहिले, अनोळखी बाईकडे पाहिले, मागे पांढऱ्याफटक उभ्या असलेल्या रेक्टरबाईंकडे पाहिले आणि छाती पुढे काढली.

"भेटतात म्हणजे काय, कालच जिन्यात भेटले. असा दणकट गडी. हाक मारू? एका हाकेत बाहेर येतील."

"ऐकलंत?" तपासनीसबाई वळून म्हणाल्या.

"काका, खरं सांगा," रेक्टरबाई म्हणाल्या.

"खरंच सांगतोय. परवा माझा गॅस सिलिंडर एका हाताने वर आणून दिला."

"काका, पुरे."

त्यांनी कठडा धरला. मग वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचणारा तो जुना आवाज त्यांनी लावला. त्याहून लहान आवाजात ते वाक्य बाहेर पडलेच नसते.

"माझा मुलगा वारला आहे. या घरात आम्ही तिघी बायकाच राहतो."

वरच्या मजल्यावर दोन दारे उघडली. काकांनी मान खाली घातली.

"ठाऊक आहे मला, बाई. तुम्ही आल्यापासूनच."

"कसं?"

"रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी घराबाहेर पडतो. माझी खुर्ची इथेच असते."

"मग आत्ता हे सिलिंडर कुठून आणलंत?"

"या बाई कोण, मला काय माहीत? मला वाटलं, घर बघून ठेवायला आल्यात."

तपासनीसबाई हसल्या नाहीत. "तुम्ही दोघांनी आधी एक सांगितलंत, आता दुसरं. मी यातलं कोणतं खरं धरू?"

रेक्टरबाईंना तो प्रश्न रास्त वाटला. त्यांच्या जागी त्यांनीही हेच विचारले असते. "मी खोटं बोलले, हे लिहा," त्या म्हणाल्या. "पोरीच्या अर्जात एक शब्द खोटा नाही, हेही लिहा. कोणासमोर बोलायचं असेल तर मी येईन."

तेवढ्यात खालून नात वर आली. जिन्यात जमलेली माणसे आणि ती फाइल पाहून ती अर्ध्या वाटेवरच थबकली. आजी आता घर डोक्यावर घेणार, असे तिला वाटले.

"आजी, मी सांगणार होते..."

"राहू दे. तुझे बाबा गेलेत, हे मी यांना सांगितलं आहे."

नातीच्या हातातली पिशवी खाली गेली. तिने आजीकडे असे पाहिले, की जणू कोणी परकीच बाई बोलली असावी. मग तिचा चेहरा आक्रसला आणि आवाज न करता ती रडू लागली, एखाद्याने आजच मरणाची बातमी आणून द्यावी तशी.

तपासनीसबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या कामात असे रडणे त्यांनी खरेही पाहिले होते आणि खोटेही. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"माझा शेरा समिती सहसा फिरवत नाही," त्या म्हणाल्या. "कॉलेजला मी आजच फोन करते. उद्यापासून जा विभागात."

त्या खाली उतरल्या. काकांनी आपली खुर्ची रेक्टरबाईंकडे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत. वरच्या मजल्यावरची बाई काही पायऱ्या उतरून आली होती.

"कशाने गेले हो?" तिने चाचरत विचारले.

एरवी असल्या चौकशीला रेक्टरबाईंनी एका नजरेत परत वर धाडले असते. त्या सावकाश पायरीवर बसल्या, नातीचा हात ओढून तिला शेजारी बसवले, आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.