मुलाण्याच्या हातचा बोकड

जयवंताबाईचा बोकड सकाळपासून हळद लावून बिरोबापुढं उभा होता, आणि कापायला कुणी नव्हतं. भोकरदनच्या अंगाला असलेल्या त्या गावात जत्रेचे बोकड पिढ्यान् पिढ्या गावचा मुसलमान मुलाणीच कापायचा. त्याची सुरी फिरल्याशिवाय कुणी मटणाला हात लावत नसे. पण हे साल त्र्याण्णव. शहरांतल्या दंगलींची आग गावात बातम्या होऊन आली होती, आणि काकासाहेब पोरं जमवून, लाठ्या घेऊन देवळाच्या वाटेवर उभा होता. यंदा मुलाणी नको म्हणे! देवाला विचारायची कुणालाच गरज वाटली नव्हती. काकासाहेबाची आई गोजरबाईसुद्धा आपला बोकड धरून मुकाट बसली होती.

लाठीवाल्यांत जयवंताबाईचाच लेक धुळाजी होता, आणि नवस त्याच्याच जिवाचा होता.

धुळाजी सुरी घेऊन आला. "माय, सर. म्याच कापतो."

"काप. पण साप चावून तू निळा पडल्ता, तवा म्या देवाला मुलाण्याच्या हातचा बोकड बोलले. तुझ्या हातचा त्यानं घेतला न्हाई अन् दिलेला जीव परत मागितला, तर मंग म्या कुणाच्या दारी जाऊ?"

धुळाजीचा चेहरा उतरला.

"काप की जल्दी! भिऊन राह्यला का?" काकासाहेब ओरडला.

धुळाजीनं सुरी खाली ठेवली आणि तो तडक मुलाण्याच्या घराकडं निघाला.

बराच वेळ कुणी येईना. जयवंताबाईचा जीव टांगणीला लागला. मग दोघं दिसले. चाँदभाई मुलाणी अंग चोरून चालत होता आणि धुळाजी त्याला खेटून. लाठ्या उठल्या. दगड आला तो चाँदभाईच्या रोखानं, पण धुळाजी आडवा झाला. त्याचं कपाळ फुटलं आणि रक्त बिरोबाच्या पायरीवर सांडलं.

चाँदभाईनं खांद्यावरचा रुमाल फाडून त्याच्या कपाळाला बांधला.

"भाबी, म्या जातो. लेकराला बघा."

"कुठं बी जायचं न्हाई, चाँदभाई." जयवंताबाईनं बोकडाची दोरी त्याच्या हातात दिली आणि गर्दीकडं वळून ती उभी राहिली. "मारा आता. मला मारा."

तेवढ्यात गोजरबाई उठली आणि आपला बोकड ओढत पुढं आली.

"चाँदभाई, जयवंताबाईचा झाला की हा बी घ्या. सकाळपासून उपाशी हाय म्या."

काकासाहेबाच्या हातात दुसरा दगड होता. आईच्या अंगावरून तो फेकायचा कसा, हे त्याला कळेना.