सांडांचा फेटा

मी एक जुना फेटा आहे, मित्रांनो. खरं म्हणजे होतो. आता माझे तुकडे झालेत आणि ते एका गोधडीवर बसलेत. पण मी स्वतःला फेटाच म्हणतो. सवय जात नाही.

माझी गोष्ट गोड नाही, आधीच सांगतो. तिच्यात रक्त आहे. ज्याला नको वाटेल त्यानं इथूनच उठावं.

नऊ मीटर सुती कापड होतो मी. छापताना मला लांब टेबलावर चारी बाजूंनी ताणून टाचलं आणि रंगाची चौकट अंगावर आदळत आदळत पुढं नेली. केशरी अंग, आणि त्याच्यावर सांडांच्या नऊ जोड्या. एक काळा, एक पांढरा. माना खाली घातलेल्या, शिंगात शिंग अडकलेलं, खुराखालून धूळ उडतीय. असलं कापड दुकानात मिळत नाही. कन्हेरीच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला बक्षीस द्यायचं म्हणून असा एकच फेटा छापून घेतला होता.

ती कुस्ती मारली सणसरच्या दत्तोबा पैलवानानं. समोरच्याचा खांदा निखळला तो आवाज मी लांबून, पंचाच्या हातात असताना ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. मग मला दत्तोबाच्या डोक्याला बांधलं, लोकांनी त्याला उचलून घेतलं, आणि हरलेल्याच्या गावची माणसं दगड मारायला लागली. एक दगड माझ्यातून आरपार त्याच्या कपाळाला बसला. नवा कोरा होतो मी, मित्रांनो. पहिल्याच तासात भोक पडलं आणि रक्तानं भिजलो.

घरी आल्यावर मला हातात घेतलं ते छबूबाईनं. छबूबाई म्हणजे दत्तोबाची बायको. निम्म्या सणसरच्या गोधड्या तिच्या हातच्या. तिनं मला गार पाण्यात मीठ टाकून भिजवलं, आणि ते भोक असं रफू केलं की बोटानं चाचपल्याशिवाय कळू नये.

"छाप भारी हाय," ती म्हणाली.

"छापाचं काय घिऊन बसलीस? कुस्ती बघायला पायजे हुतीस," दत्तोबा म्हणाला.

तेव्हा त्यांचा थोरला दीपक नऊ वर्षांचा होता आणि धाकटा सिद्धू पाळण्यात.

दत्तोबा घरात कसा होता तेही सांगतो, लपवत नाही. सिद्धू जरा हातापायानं मोठा झाला तसं तो दोघा पोरांना अंगणात एकमेकांशी लढवायचा. जिंकेल त्याच्या डोक्यावर मी, पाच मिनिटं. हरेल त्याला चिंचेचा फोक. खेळ म्हणून सुरू झालं होतं. पण फोक काही खेळातला नव्हता. वर्षानुवर्षं दीपकच जिंकायचा, तो मोठाच होता नऊ वर्षांनी. सिद्धू मार खायचा आणि रडायचा नाही. नुसता माझ्याकडं बघायचा.

सिद्धू पंधराचा झाला तेव्हा त्यानं दीपकला उचलून आपटला. दीपकच्या गळ्यापाशी हाड मोडलं. दत्तोबा हसला, मला सिद्धूच्या डोक्यावर ठेवलं, आणि दीपककडं बघितलंसुद्धा नाही. छबूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची भाकरी करपली.

त्यानंतर दीपकनं लंगोट सोडला आणि बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला. रोज मोटरसायकलनं जायचा-यायचा. लग्न केलं, अनिता घरात आली. भावाशी तो कामापुरतं बोलायचा. मी ट्रंकेत पडून होतो, डांबरगोळ्यांच्या वासात. मला वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं.

काही वर्षांमागं दत्तोबा एकाएकी गेला. तेराव्याला आमच्याकडं रीत आहे, की पोरांचा मामा नवा पांढरा फेटा आणतो आणि थोरल्या पोराच्या डोक्याला बांधतो. म्हणजे घर आता ह्याच्या अंगावर. झुंबरमामानं फेटा आणलाही होता. पण छबूबाईला तो साधा वाटला. पाव्हणे जमलेले, चार माणसांनी बघावं असं काहीतरी पाहिजे. तिनं ट्रंक उघडली, मला काढलं, घडी घातली आणि ताटात पांढऱ्याच्या वर ठेवलं. छाप दिसंल असा.

एवढीच चूक. हौसेनं केलेली.

दीपक पाटावर बसला. मामानं माझा एक वेढा त्याच्या डोक्याला दिला. दारातनं सिद्धू म्हणाला, "मामा, थांबा. त्यो फेटा पैलवानाचा हाय."

दीपकनं मान वर केली नाही. "हितं पैलवान कोण हाय? मला तर पोरगं दिसतंय."

"गळ्याचं हाड इचार, त्ये सांगंल."

मामा म्हणाला, "आरं, बापाचं तेरावं हाय, लाज धरा." कुणी धरली नाही. सिद्धूनं माझं मोकळं टोक पकडलं, दीपकनं दुसरं. दोघांनी असं ओढलं की मी दोरासारखा ताणला गेलो. आणि जिथं दगडाचं भोक होतं, जिथं रफू होता, तिथनंच फाटलो. पाचव्या जोडीच्या मधोमध. कापड फाटतानाचा आवाज तुम्ही ऐकलाय ना? तो आवाज कापड ओरडल्याचाच असतो.

मग सिद्धूनं पितळी तांब्या उचलला आणि दीपकच्या डोक्यात घातला. दीपक धडपडत उठला, त्याला ढकलत दारापर्यंत घेऊन गेला. सिद्धूचा उजवा हात चौकटीवर होता. दीपकनं दार आपटलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा हात तिथंच आहे हे त्याला दिसत होतं.

दीपकच्या डोक्याला नऊ टाके. सिद्धूची तीन बोटं मोडली. माझे दोन्ही तुकडे सांडलेल्या पाण्याच्या चिखलात आणि रक्तात. कुठला डाग कुणाचा, ते मलाही सांगता येणार नाही. छबूबाईनं तुकडे गोळा केले आणि त्यांच्यावर बसून राहिली. पाव्हणे न जेवता गेले.

पुढं काय होणार हे तिला दिसत होतं. दीपक मोटरसायकलला लोखंडी गज अडकवून कामावर जायला लागला. सिद्धू मागच्या पडवीत बसून डाव्या हातानं कोयता घासायचा. रोज. घासल्याचा आवाज घरभर यायचा, आणि अनिता कानावर उशी धरायची. सिद्धू मोकळं सांगायचा, "प्लास्टर निघू दे. मग बघतो त्येला." प्लास्टर निघायला पंधरा दिवस होते.

आणि दोघंही आईकडं येऊन एकच मागायचे. "आये, जोडून दे. मला."

छबूबाईनं जोडला नाही. जोडला तर पुन्हा ओढतील. कापून दोघांना वाटला तर माझ्याकडं कमी आला म्हणून भांडतील. तिनं शेजारच्या बानूबाईला बोलावलं आणि सांगितलं, "ह्याची गोधडी करायची. एकच. पंधरा दिवसांत."

बानूबाई जन्मभर तिच्याबरोबर गोधड्या शिवत आलेली, तोंडानं फटकळ. मला जमिनीवर पसरलं आणि ती बघतच राहिली. "छबे, असला छाप मिरवायला पायजे. मोठ्या चौकटी काढ. एका चौकटीत एक जोडी. झुंज कशी दिसली पायजे!"

"त्या झुंजीखालीच पोरं निजवू व्हय?"

"मग शंकरपाळ्या काप. बारीक बारीक."

छबूबाईनं एक जोडी शंकरपाळ्यांत कापून बघितली. कात्री माझ्या पोटातनं गेली, मानेतनं गेली. तुकडे मांडले तर एका तुकड्यात नुसतं शिंग, एकात डोळा, एकात मागचा पाय. बानूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया. ह्ये तर खाटकाच्या दुकानावाणी दिसतंय."

दोघी हसल्या. तेराव्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. पण माझी एक जोडी त्यात गेली, आणि पाचवी आधीच फाटून वाया गेली होती. उरल्या सात.

मग उभ्या पट्ट्यांचा विचार झाला. पट्टी पाडली की सांडाची मुंडकी एकीकडं, धडं एकीकडं. छबूबाईनं कात्री खाली ठेवली. दोन दिवस कापलंच नाही. मागं कोयता घासला जात होता.

तिसऱ्या दिवशी तिनं एक जोडी उचलली आणि सहज घडी घातली. बरोबर शिंगात शिंग होतं तिथं. वर फक्त काळा सांड राहिला. एकटा. मान खाली, तोंड जमिनीपाशी.

बानूबाई सुई ओवत होती, ती थांबली. "छबे... आगं, ह्यो तर चरतोय."

खरंच, मित्रांनो. वीस-बावीस वर्षं मी ते सांड अंगावर वागवले आणि मलाच माहीत नव्हतं. समोरचा काढला की त्यांच्यातला एकसुद्धा भांडत नव्हता.

छबूबाई उठली आणि स्वतःचं जुनं हिरवं लुगडं घेऊन आली. गवतासारखं हिरवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. त्याची एक चौकट कापली आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधे ठेवली. शिंगांची टोकं शिवणीत गेली.

"एक सांड, एक हिरवी," ती म्हणाली. "न्हाय तर झुंज लागंल पुन्हा."

सात जोड्यांचे चौदा सांड झाले. ज्या सांडावर रक्ताचा डाग होता तो बानूबाई आतल्या थरात घालत होती. छबूबाईनं काढून घेतला आणि वर, मधोमध बसवला. "दिसू दे. सगळं झाकून झाकूनच हितपातूर आलंय."

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ठिगळं जोडून झाली होती. अंगणात सगळे थर पसरले होते आणि छबूबाई कात्रीनं कडा सारख्या करत होती. तेवढ्यात दीपक पहिली पाळी करून आला. त्याला दिसली ती आईच्या हातातली कात्री आणि शेजारी पडलेल्या केशरी कातरणी.

"आये! काय केलंस ह्ये! आबाचा फेटा!"

ओरडा ऐकून सिद्धू पडवीतनं आला. डाव्या हातात कोयता. त्यानंही माझ्याकडं बघितलं, आणि मग दीपककडं. "तूच सांगितलं आसशील. मला मिळू नये म्हणून."

"मी? तुझीच अक्कल ही, हलकटा!"

दीपकनं मोटरसायकलचा गज काढला. सिद्धू माझ्यावर पाय देऊन पुढं आला. दीपकनं पहिला वार केला, गज सिद्धूच्या प्लास्टरवर बसला आणि प्लास्टर फुटलं. सिद्धू गुरासारखा ओरडला आणि त्यानं कोयता वर उचलला. सरळ भावाच्या मानेवर धरून. अनिता दारात किंचाळली.

छबूबाई मधे गेली आणि खाली येणारा कोयता तिनं हातानं धरला. मुठीनं नाही. पात्याला धरला.

तळवा उघडला. रक्त माझ्यावर पडलं, एका सांडावर आणि शेजारच्या हिरव्या चौकटीवर. तिनं हात सोडला नाही. सिद्धूनं कोयता सोडला.

बानूबाईनं घरात धाव घेतली, मामाचा तो नवा पांढरा फेटा आणला, टर्रकन फाडला आणि हाताला बांधायला लागली.

छबूबाई खाली बघत होती. "तुमचा बाप तुमाला झुंजवीत हुता," ती म्हणाली, "आन मी भाकरी थापत हुते. तेराव्याला ताटात बी मीच ठिवला. मिरवायला. तुमा दोघांचं डाग हायतच, ह्यो तिसरा माझा हाय, आन त्यो आधीच पडाय पायजे हुता."

"आये, दवाखान्यात चल," दीपक म्हणाला. गज त्याच्या हातातनं कधीच पडला होता.

"जाऊ. आधी टाचण घालायचं. थर हालले तर पंधरा दिवस वाया जात्याल. माझा हात गेला. दोन बाजूंनी ताणून धराय माणसं लागत्यात." तिनं दोघांकडं बघितलं. "वढायचं तर तुमाला येतंयच की."

"आये, आगं रक्त..."

"धरा म्हणते न्हवं!"

दीपकनं एक कड धरली. सिद्धूनं समोरची, डाव्या हातानं आणि कोपरानं. दोघांनी ओढलं. तेराव्याला ओढलं होतं तसंच, पण मी फाटलो नाही, कारण आता माझ्याखाली लुगड्यांचे चार थर होते. कोपरा वाऱ्यानं उडत होता तर बानूबाईनं कोयता उचलला आणि वजन म्हणून त्याच्यावर ठेवला. ती घाईघाईनं लांब लांब कच्चे टाके घालत गेली.

"बेतानं," छबूबाई म्हणाली. "एवढ्या जोरात नगं, दीपक."

"मी न्हाय, ह्यो वढतोय."

"दादा, तू जरा ढिला सोड की."

दादा. कित्येक वर्षांत त्यानं तो शब्द काढला नव्हता. दीपकनं ढिला सोडला.

मग तिघं मोटरसायकलवर बसून दवाखान्यात गेले, छबूबाई मधे.

मित्रांनो, पुढं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. छबूबाईची दोन बोटं आता वळत नाहीत. तिनं माझ्यानंतर गोधडी शिवली नाही. सिद्धूची पकड पहिल्यासारखी राहिली नाही, तो कुस्ती बघायला जातो, खेळायला नाही. दोघं भाऊ अजून फार बोलत नाहीत. पण कोयता परत पडवीत घासला गेला नाही. तो आता ऊसच तोडतो.

एकच विनवणी आहे. तुमच्या घरात अशी कुठली जुनी, छापाची, मानाची वस्तू असेल तर ती ताटात ठेवून मिरवू नका. वापरा. अंगावर घ्या, पायाखाली घ्या, मळू द्या. आणि गोधडी मळली तर मशीनमध्ये घालू नका. पाण्यात भिजली की ती एवढी जड होते की एकट्याला पिळता येत नाही.

मला वर्षातनं दोनदा कालव्यावर नेतात. छबूबाई काठावर बसते, आखडलेला हात मांडीवर ठेवून. दीपक एक टोक धरतो, सिद्धू दुसरं. एक इकडं पिळतो, एक तिकडं. अजून उलट्याच दिशेनं. माझ्या अंगातनं पाणी गळायला लागतं आणि चौदा सांड मान खाली घालून चरत राहतात.